ताशाचा वेग आणि मेंदूची पूर्वतयारी

शिवजयंतीला छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात ढोल-ताशे घुमतात. द्रुत लयीत ताशावर दोन्ही हातांचे मिळून सेकंदाला दहा ठोके पडतात असे धरू. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये अवघा ०.१ सेकंद! मज्जासंस्थेला हे कसे साधते?

एक सोपा प्रयोग करा. मित्राला मोजपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेपाशी आपली चिमूट उघडी ठेवा. त्याने अचानक पट्टी सोडताच ती पकडा. ती सुमारे २० सेंटिमीटर निसटली, तर तुम्हांला ०.२ सेकंद लागला. ऐकून हात हलविण्यास थोडा कमी वेळ लागतो, पण तोही ०.१ सेकंदाहून जास्तच.

तेव्हा प्रत्येक ठोका ऐकून पुढचा मारायचा म्हटले, तर वादक मागे पडेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी १९५१ साली हाच मुद्दा मांडला. जलद हालचालींची साखळी मेंदू आधीच जुळवून ठेवतो. मोठ्या मेंदूची आज्ञा मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाते. कान, स्नायू व सांध्यांकडून उशिरा आलेली बातमीही वाया जात नाही. योजलेली आणि घडलेली हालचाल यांतील फरक लहान मेंदू टिपतो व पुढच्या आज्ञा सुधारतो.

सराव म्हणजे हीच दुरुस्ती. म्हणून नवशिक्याने आधी सावकाश, पण अचूक वाजवावे. घाईने गिरवलेली चूकही हातात तितकीच पक्की बसते. सुंदर हस्ताक्षरालाही हाच नियम लागू आहे.