सहीवर कात्री

छायाचित्राच्या प्रिंटखाली पांढऱ्या बॉर्डरमध्ये पेन्सिलीने केलेली सही म्हणजे छायाचित्रकाराची मिरवण्याची हौस, असं मानणारी माणसंही प्रदर्शनं भरवतात. प्रस्तुत लेखकाला त्याचा फटका पुण्यातल्या एका सामूहिक प्रदर्शनात बसला. संस्थेचं नाव देण्याचं कारण नाही. घडलं ते मात्र सांगायलाच हवं, कारण आपली प्रिंट विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या कुणाच्याही बाबतीत ते घडू शकतं.

छायाचित्रं वारीची होती, कृष्णधवल. डार्करूममध्ये फायबर बेस कागदावर लेखकाने स्वतः काढलेल्या प्रिंट्स. भोवती रुंद बॉर्डर, खाली उजवीकडे सही, डावीकडे आवृत्तीतला क्रमांक, पाठीमागे स्थळ, निगेटिव्हचं वर्ष आणि प्रिंटचं वर्ष. सोबतच्या पत्रात तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या: प्रिंट कापू नये, चिकटवू नये, माउंटची खिडकी सही दिसेल अशी ठेवावी. या पत्राची संस्थेच्या शिक्क्याची पोच लेखकाकडे आहे.

उद्घाटनाच्या संध्याकाळी भिंतीसमोर उभं राहिल्यावर आधी काही उमगेना. छायाचित्र तेच, उजेड बरा, काचही स्वच्छ. तरी ते कोंडल्यासारखं दिसत होतं. मग ध्यानात आलं. बॉर्डरच नव्हती. चारही बाजूंनी प्रिंट थेट प्रतिमेपर्यंत कापली होती आणि गरम प्रेसखाली काळ्या बोर्डावर कायमची चिकटवली होती. सही गेली, क्रमांक गेला, पाठीवरची माहिती बोर्डाखाली गाडली गेली. खालच्या लेबलवर छायाचित्रकाराच्या नावाऐवजी ‘संस्थेच्या संग्रहातून’ असे शब्द होते. आणि स्थळ? नीरा स्नानाच्या छायाचित्राखाली छापलं होतं, ‘चंद्रभागेच्या वाळवंटी’. माउलींच्या पालखीबरोबर जो एकदा तरी चालला आहे, त्याला यातला घोटाळा सांगावा लागत नाही. नीरा ओलांडली की लोणंद, तरडगाव, फलटण यायचं असतं. पंढरपूर अजून कितीतरी मुक्काम लांब असतं.

फ्रेमवाल्याला विचारलं. तो बिचारा म्हणाला, “साहेब, मला सगळ्या फ्रेम एका मापात हव्यात असं सांगितलं होतं.” संयोजकांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, “अहो, फोटो छान दिसतोय ना? मग सहीचं काय एवढं घेऊन बसलात?” पत्राची आठवण करून दिली, तेव्हा “असेल कुठेतरी फायलीत” एवढं बोलून ते पाहुण्यांच्या स्वागताला निघून गेले. कापलेल्या कागदापेक्षा हे पाठ फिरवणं जास्त झोंबलं. चूक झाली, एवढे दोन शब्द त्या संध्याकाळी कुणाच्याही तोंडून आले नाहीत.

सहीचं एवढं काय, या प्रश्नाला छायाचित्रणाच्या इतिहासात भरपूर उत्तरं आहेत.

एकोणिसाव्या शतकात अल्ब्युमेन प्रिंटचा पातळ कागद कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवण्याचीच रीत होती. म्हणून सॅम्युएल बोर्न किंवा राजा दीनदयाळ यांच्या अनेक छायाचित्रांत नाव आणि क्रमांक थेट निगेटिव्हवर लिहिलेले सापडतात. ते प्रतिमेबरोबरच छापले जात. त्यामुळे अल्बमचा मालक बदलला, पुठ्ठा कुजला, तरी छायाचित्र कुणाचं ते आजही वाचता येतं.

तारीख न लिहिल्याने काय होतं, ते अॅन्सेल अॅडम्सच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ने दाखवलं. विसाव्या शतकातलं हे इतकं गाजलेलं छायाचित्र, पण निगेटिव्हवर तारीख नव्हती आणि खुद्द अॅडम्सने वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वर्षं दिली. शेवटी आकाशातल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडावं लागलं. 1980 मध्ये डेव्हिड एल्मोर यांनी 31 ऑक्टोबर 1941 ही तारीख काढली. 1991 मध्ये डेनिस डी चिको यांनी ती सुधारून 1 नोव्हेंबर 1941 केली. तोवर अॅडम्स हयात नव्हता. चित्रात चंद्र होता म्हणून एवढं तरी साधलं. नीरेच्या पाण्यात उभ्या असलेल्या वारकऱ्यांवरून असं गणित कोण मांडणार?

लुइस हाइनचं प्रकरण आणखी गंभीर. अमेरिकेतल्या बालमजुरांची छायाचित्रं काढणारा हा माणूस 1940 मध्ये वारला. त्याने हयातीत काढलेल्या म्हणून विकल्या गेलेल्या अनेक प्रिंट्सवर त्याची सही होती, स्टुडिओचा शिक्काही होता. 1990 च्या दशकाच्या अखेरीला त्यांच्याबद्दल संशय बळावला. तपासणीत त्यांतल्या अनेकींच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायनं सापडली, आणि छायाचित्रणाच्या कागदात ती 1950 च्या दशकात येऊ लागली होती. नुसती सही किंवा नुसता शिक्का पुरेसा नसतो, तो यासाठी. निगेटिव्ह कधीची आणि ही प्रत कधी काढली, ही दोन्ही वर्षं प्रिंटवर हवीतच.

आता काय करावं ते. फायबर बेस किंवा सुती कागद असेल, तर साधी मऊ पेन्सिल वापरावी, 2बी चालते. ग्राफाइट उडत नाही, पसरत नाही, कागदावर रासायनिक परिणाम करत नाही. प्रिंट स्वच्छ, सपाट, कडक पृष्ठभागावर पालथी ठेवावी आणि बॉर्डरच्या मागच्या भागातच लिहावं, हात अगदी हलका ठेवून. प्रतिमेच्या मागे जोर लावला, तर तिरप्या उजेडात अक्षरांचे वळ पुढून दिसतात. बॉलपेनने तर हमखास उठतात.

आरसी कागदाची पाठ प्लास्टिकची असते, तिथे नेहमीची पेन्सिल घसरते. त्यासाठी गुळगुळीत पृष्ठभागावर लिहिणारी मऊ पेन्सिल मिळते. इंकजेट प्रिंटवर पुढे सही करायची, तर पिगमेंट शाईचं पेन घ्यावं, आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लिहून बघावं आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत प्रिंट गठ्ठ्यात ठेवू नये. स्केचपेन आणि साधे मार्कर नकोत. त्यांची शाई काही वर्षांत फुटते किंवा फिकी पडते. पाठीवर रबरी शिक्का मारण्याचा संस्थांना फार सोस असतो. ओल्या शिक्क्याची निळी शाई गठ्ठ्यातल्या खालच्या प्रिंटच्या चेहऱ्यावर उतरते. चिकटपट्टी आणि गोंदाची लेबलं प्रिंटला लावूच नयेत. लेबल फ्रेमच्या पाठीला लावावं, पण त्याच्यावर विसंबू नये; फ्रेम बदलली की ते कचऱ्यात जातं.

माउंटची खिडकी प्रतिमेपेक्षा मोठी कापून घ्यावी, खाली सहीपुरती जागा जास्त. प्रिंट आम्लमुक्त कागदाच्या कोपऱ्यांत अडकवावी, म्हणजे केव्हाही सुटी करता येते. मुंबईत आणि कोकणात काचेला टेकलेली प्रिंट पावसाळ्यात काचेलाच चिकटते, बुरशीही धरते. मधे माउंटची जाडी असलीच पाहिजे.

प्रत्येक प्रिंटची नोंद असलेली वही ठेवावी. घरातल्या जुन्या अल्बममधल्या फोटोंमागेही नावं लिहून घ्यावीत, सांगणारी माणसं आहेत तोवर.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रिंट बाहेर देण्याआधी तिचे पुढून आणि मागून फोटो काढून ठेवावेत, सही आणि बॉर्डर दिसेल असे. लेखकाने ते काढले होते. म्हणूनच ‘बॉर्डर आधीपासूनच नव्हती’ हा संस्थेचा नंतरचा दावा टिकला नाही.

कायदाही माहीत असावा. 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. मोबदला घेऊन कुणासाठी काम केलं असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. तो करार आधीच लेखी करावा. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 कॉपीराइट दुसऱ्याकडे गेल्यावरही कलावंताच्या बाजूने उभं राहतं. कृती आपली असल्याचं सांगण्याचा हक्क त्याचाच राहतो, आणि नावलौकिकाला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास दादही मागता येते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने उतरवलं, त्याचे भाग हरवले, मोडले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि 5 लाख रुपयांची भरपाईही.

लेखकाने संस्थेकडे लेखी मागितलं आहे ते एवढंच: बोर्डावर चिकटवलेल्या प्रिंट्स संग्रहात न ठेवता परत कराव्यात आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेला नाव-स्थळाचं शुद्धिपत्र जोडावं. स्मरणपत्रांनाही उत्तर आलेलं नाही. कलम 57 खालच्या नोटिशीचा मसुदा वकिलांनी तपासून दिला आहे. पत्राची पोच आणि पुढून-मागून काढलेले फोटो तिला जोडले आहेत.