जुन्या गाडीचे पाणी जाते कुठे?

कापडाच्या थानात दोष दिसला की तो सुताचा आहे, मागाचा आहे की रंगाईचा, हे तपासल्याशिवाय आम्ही मालेगावच्या मागवाल्याला बोल लावत नाही. ही रीत आम्हांला वडिलांनी शिकवली. गाडीच्या बाबतीत मात्र आम्ही ती विसरलो आणि त्याचा भुर्दंड भरला.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. १९९८ च्या उन्हाळ्यात तिच्या रेडिएटरमधले पाणी दर दोन-तीन दिवसांनी अर्धा लिटर कमी होऊ लागले. एका मिस्त्रीने न तपासताच रेडिएटर खराब ठरवला. आम्ही नवा बसवला, तरी पाणी जातच राहिले. मग कोणीतरी सांगितले म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकली. पुढच्याच आठवड्यात मुंबईहून माल घेऊन येताना कसारा घाटात काटा लाल खुणेवर गेला. इगतपुरी जवळच आहे, असे म्हणून आम्ही गाडी दामटली. वर पोहोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघू लागली. इंजिन खोलल्यावर कळले की गळती पहिल्यापासून वॉटर पंपाच्या सीलमधून होती. आता हेड वाकले होते, गॅस्केट जळाले होते आणि नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्या हळदीने तुंबल्या होत्या. पंपाचे किरकोळ काम दुकानाच्या महिन्याच्या नफ्यावर गेले.

आज हे सांगण्याचे कारण असे की, १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि पुढे पद्मिनी या नावाने कुर्ल्याला तयार होणारी ही गाडी बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ झाला. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. सुटे भाग आता शोधावे लागतात. १०८९ सीसीच्या या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने ते जास्त तापले की वाकते. म्हणून आधी तपास आणि मग खर्च, हा क्रम मोडू नये.

पहिली गोष्ट : पाणी खरोखर जाते का?

अनेकजण रेडिएटर काठोकाठ भरतात. पाणी तापले की फुगते आणि जास्तीचे पाणी वरच्या नळीतून बाहेर पडते. जुन्या गाड्यांत ते परत घेणारी बाटली बहुधा नसते. ही गळती नव्हे. इंजिन थंड असताना पाणी तोंडापासून दोन बोटे खाली ठेवावे, वहीत तारीख लिहावी आणि आठ दिवस रोज सकाळी पाहावे. पातळी एका जागी स्थिरावली तर काळजी नाही. रोज उतरत असेल तरच पुढे जावे.

दुसरी गोष्ट : मांजरपाटाची परीक्षा

रात्री गाडी सपाट जागी उभी करून तिच्याखाली पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा अंथरावा. पाण्यात हिरवे कूलंट असेल तर सकाळी हिरवा डाग दिसेल. काळा-तपकिरी तेलकट डाग ऑइलचा असतो, त्याचा तपास वेगळा. मात्र डाग जिथे पडला तिथेच गळती आहे असे समजू नये. पाणी नळीवरून ओघळते आणि चालत्या गाडीत पंख्याची हवा ते मागे उडवते. म्हणून डागापासून वर वर पाहत जावे. जिथे सर्वांत वरची ओल किंवा पांढरट, हिरवट, गंजट खूण सापडेल, तिथे संशय धरावा.

पाहण्याच्या जागा या :

१) वरचा व खालचा होज पाइप. हाताने दाबून पाहावा. लिबलिबीत झाला असेल किंवा चिरा पडल्या असतील तर बदलावा. क्लिपाही तपासाव्यात. आपल्याकडे निफाड-नाशिकच्या थंडीत पहाटे रबर आकसते आणि सैल क्लिपेतून पाणी ठिबकते. इंजिन तापले की ठिबकणे थांबते. अशी गळती दुपारी गॅरेजमध्ये सापडत नाही.

२) वॉटर पंप. त्याच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. तिथून पाणी येत असेल तर आतले सील गेले. ते छिद्र बुजवू नये, ती धोक्याची सूचना आहे. इंजिन बंद करून पंखा हलवून पाहावा. खडखडला तर बेअरिंगही गेले.

३) रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीची झाळ आणि पाणी सोडण्याची तोटी.

४) इंजिनाच्या ब्लॉकला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टिकल्या. त्या आतून गंजतात आणि मागच्या बाजूची टिकली सहजी दिसत नाही.

तिसरी गोष्ट : दाबाची परीक्षा

डोळ्यांना काही दिसले नाही तर थंड इंजिनावर दाब मोजणारा हातपंप लावावा. कॅपवर जितका दाब लिहिला असेल तितकाच भरावा, अधिक नको, नाहीतर चांगली झाळही उकलेल. दहा मिनिटे काटा स्थिर राहिला पाहिजे. कॅपही याच पंपावर तपासावी. दाब एक पौंड वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो. इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तिथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. कॅपचे रबर गेले असेल तर घाट चढताना पाणी लवकर उकळून बाहेर जाते आणि दोष रेडिएटरला मिळतो.

चौथी गोष्ट : आतली गळती

काटा उतरतो, पण बाहेर थेंबही नाही, तेव्हा पाणी इंजिनात जात असावे. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर गाडी मुळीच चालवू नये. केवळ ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय दिसली तर घाबरू नये. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत दमटपणानेही ती धरते. थंड इंजिन कॅप उघडी ठेवून सुरू करावे. सुरुवातीचे चार बुडबुडे हवेचे असतात. बुडबुडे थांबतच नसतील तर गॅस्केटमधून वायू पाण्यात येत आहे. इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे आणि एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघणे, याही त्याच खुणा. खात्रीसाठी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कमी भरले, तर बहुधा त्यांच्यामधले गॅस्केट गेलेले असते.

हे कधीही करू नये

तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडू नये, तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. काटा वर चढला की गाडी तिथेच थांबवावी, मग गाव कितीही जवळ असो. बोअरचे जड पाणी भरू नये, आत क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणी व कूलंट वापरावे. सांडलेले कूलंट लगेच पुसावे. ते चवीला गोड, पण विषारी असते. मुले आणि जनावरे यांना जपावे. हळद किंवा गळती बुजवणारी पावडर टाकू नये. तिने छिद्र थोडे दिवस बुजते, पण नळ्याही तुंबतात. अशी पावडर टाकून गाडी विकणे म्हणजे फाटके थान घडीत लपवून देणे होय. विकताना दोष सांगावा आणि भाव त्याप्रमाणे घ्यावा.

मिस्त्री बंधूंनाही आमचे सांगणे आहे. तपासणीची मजुरी वेगळी मागा. ग्राहकाला ती जड वाटेल, पण न लागणारा रेडिएटर गळ्यात पडण्यापेक्षा ती स्वस्तच पडते. तो एकदा वाचला की पुन्हा तुमच्याकडेच येईल.