आधी गिऱ्हाईक, मग यंत्र

माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव

चि. भाचीस,


तुझं पत्र पोचलं. पुण्यातली नोकरी सोडून माकणीला यायचं, आपल्या जागेत डाळ मिल टाकायची, असं तू लिहिलंस. वाचून ऊर भरून आला. ताईने, तुझ्या आईने, फोनवर रडून घेतलं. तिची समजूत मी काढीन. तू मात्र मला एकच प्रश्न विचारलास, यंत्र किती अश्वशक्तीचं घ्यावं आणि कर्ज किती काढावं. या प्रश्नाचं उत्तर मी पत्राच्या शेवटी देणार आहे, कारण धंद्यात तो शेवटीच येतो. त्याआधीचं बोलणं नीट वाच.

1993 साली तू जन्मलेली नव्हतीस. 30 सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या जरा आधी, भूकंप झाला. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतीच्या गावांत काय झालं ते तू ऐकून आहेस. आपली पिठाची गिरणीही पडली. दगडमातीच्या भिंती इंजिनावर कोसळल्या. आठवड्याभरानं तुझ्या आजोबांनी, आबांनी, आणि मी इंजिन उकरून काढलं. ते किर्लोस्करचं डिझेल इंजिन आणि जातं, दोन्ही शाबूत होतं. चार पत्रे उभे करून आबांनी गिरणी चालू केली.

लोक ढिगाऱ्यातून काढलेली ज्वारी घेऊन यायचे. धान्यात माती, खडे, काचा. आबांनी दारात मोठी चाळणी टांगली आणि प्रत्येकाचं दळण आधी चाळून, निवडून मगच जात्यात घातलं. दर तोच, चाळणीचे वेगळे पैसे नाहीत. तेव्हा मी चिडलो होतो, कारण एका दळणाला दुप्पट वेळ जायचा. आबा म्हणाले, "पीठ तर कुणीही दळून देईल. दाताखाली खडा येणार नाही ही खात्री कोण देईल?" पुढे गावात आणखी गिरण्या झाल्या, तरी शेजारच्या गावांची दळणं आपल्याकडेच येत राहिली.

किंमत कशाची असते, हे मी त्या चाळणीपाशी शिकलो. दुसऱ्याचा एखादा त्रास आपण उचलतो आणि तो उचलल्याबद्दल तो आनंदानं पैसे देतो, एवढाच धंद्याचा पाया. त्याला वाटणारी किंमत आणि आपल्याला आलेला खर्च, यांच्यामधल्या जागेत आपलं पोट भरतं. तो त्रास कोणता, हे ज्याला एका वाक्यात सांगता येत नाही, त्यानं यंत्र घेऊ नये.

आपल्याच जिल्ह्यात भूमकडे जाऊन बघ. तिथे माळरान, जनावरं भरपूर, पण दूध नासणारा माल. दूध दूरच्या बाजारात नेईपर्यंत फाटायची भीती. तिथल्या लोकांनी ते चुलीवर आटवलं. साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो. वजन घटतं, टिकाऊपणा वाढतो आणि वाहून न्यायला सोपं पडतं. तिथल्या कुंथलगिरीचा खवा आणि पेढा आज नावानिशी ओळखला जातो. दुधाची जी अडचण होती, तिच्यातच त्यांना धंदा सापडला.

आता तुरीचं बघू. निम्न तेरणेच्या धरणामुळे आपल्या काही शिवारांत ऊस आला, तरी कोरडवाहू रानात सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर उभी असतेच. ती जानेवारीत निघते, पोत्यांत भरून लातूरच्या मोंढ्यात जाते, तिथल्या मोठ्या मिलांत डाळ होते आणि तीच डाळ पिशवीत बंद होऊन आपल्या दुकानात परत येते. लातूरच्या मोठ्या मिलशी भावात तू टक्कर देऊ शकणार नाहीस. तिथे रोजचे ट्रक उतरतात, तुझ्याकडे बैलगाडीचा माल येईल. मग तुझ्याकडून डाळ कुणी आणि का घ्यावी?

याचं उत्तर मला एका स्वयंपाकघरात सापडलं. शिकवणीसाठी लातूरला हजारो मुलं येऊन राहतात, त्यांच्या खानावळी आहेत. तिथल्या आचारी बाईंनी मला सांगितलं, "डाळ स्वस्त मिळते हो, पण दोन शेतांची, दोन वर्षांची एकत्र असते. अर्धी शिजते, अर्धी कच्ची राहते. गॅस जळतो, वेळ जातो." एका शिवाराची, एका हंगामाची, सारखी वाळलेली डाळ त्यांना हवी होती. मोठ्या मिलला एवढासा माल वेगळा ठेवणं परवडत नाही. तुला परवडेल. तुझी जागा तिथे आहे.

आता हिशेब. तुला इंजिनिअरिंग येतं, पण हा हिशेब कागदावर हातानं मांड. भाव रोज बदलतात, म्हणून हे आकडे नमुन्याचे समज. एक क्विंटल तूर 8,000 रुपयांना घेतली. सफाई, तेल लावणं, उन्हात वाळवणं, भरडणं, वीज, मजुरी, पिशवी मिळून 600 रुपये. चुणी आणि टरफल जनावरांसाठी विकून 500 आले. उरला खर्च 8,100. त्यातून 72 किलो डाळ निघाली आणि 125 रुपयांनी विकली तर 9,000 मिळाले. हाती राहिले 900.

आता तूर नीट वाळली नाही, डाळ फुटली आणि 72 ऐवजी 68 किलोच निघाली. चार किलोंची चुणी झाली, तिचे फार तर 100 रुपये. डाळीचे 500 गेले. म्हणजे 900 चे राहिले 500. बाजार तोच, भाव तोच, यंत्रही तेच. क्विंटलमागे चार किलो हातातून सुटले आणि जवळजवळ निम्मा नफा गेला. म्हणून सांगतो, छोट्या कारखान्याचं भवितव्य उन्हाच्या अंगणात आणि चाळणीपाशी ठरतं. दर घाणीला किती किलो घातले, किती निघाले, हे वहीत लिहायचं. आणि खर्चात स्वतःची मजुरी धर. आपल्याकडचे निम्मे धंदे घरच्यांची मेहनत फुकट धरून नफ्यात दिसतात. घरचा माणूस आजारी पडला की खरा आकडा कळतो.

माझी एक चूक तुला सांगायलाच हवी. एका वर्षी पावसानं तूर ओली झाली होती. मागणी होती म्हणून पुरती न वाळवता मी डाळ केली आणि एका खानावळीला सहा कट्टे दिले. महिन्यात डाळीला कीड लागली. त्यांनी फोन केला तर मी साठवणुकीला दोष दिला, वाद घातला. त्यांनी पुन्हा माल घेतला नाही, आणि त्यांच्या ओळखीतल्या दोघांनीही तोडलं. त्या दिवशी सहा कट्टे परत आणले असते तर काही हजारांत निभावलं असतं. मी तीन गिऱ्हाइकं घालवली. म्हणून तू पहिल्याच दिवशी नियम कर: तक्रार आली की माल परत, पैसे परत, कारण नंतर शोधायचं.

ज्या इंजिनानं आपली गिरणी वाचली, ते बनवणाऱ्या घराण्याची गोष्ट तुला ठाऊक असावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लोखंडी नांगर त्यांनी केला तो 1903 मध्ये. मधली पंधरा वर्षं त्यांचा हात तयार होत होता. आणि नांगर उत्तम असूनही पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं शेतकऱ्यांना वाटत होतं. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली आणि 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी नव्यानं बस्तान मांडलं, तीच किर्लोस्करवाडी. चांगली वस्तू आणि तिच्यावरचा विश्वास यांच्यामध्ये काळ जातो. ती दोन वर्षं तग धरायला पुरेल एवढा पैसा आणि धीर आधी जवळ हवा.

पैशाचंही स्पष्ट बोलू. भूकंपानंतर घरं बांधण्याच्या कामात आपल्या भागातल्या बायका संवाद सहायक म्हणून गावोगाव उभ्या राहिल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना साथ दिली, आणि त्यातून पुढे बचत गट, शेती, छोटे उद्योग उभे राहिले. त्यांची रीत मला पटते: आधी बचत, मग आपापसांत छोटं कर्ज, ते फेडल्यावर बँक. फेडायची सवय लागल्यावर मोठ्या रकमेची भीती राहत नाही.

सरकारी योजनेचाही विचार कर. 2020 मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं होतं. ती आज चालू आहे का, हे तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन विचार आणि आजचे नियम समजून घे. पण अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेलं असतं, आपला हिस्सा आधी घालावा लागतो. अनुदान वजा केल्यावरही जो धंदा हिशेबात बसतो, तोच कर. उद्यम नोंदणी फुकट होते, ती पहिल्या आठवड्यात कर. 2006 च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. कोर्टाची पायरी चढावी लागू नये, पण आपला हक्क माहीत असला की उधारी मागताना आवाज कापत नाही. भरभराटीत दिसणारे धंदे उधारीत बुडताना मी पाहिलेत.

आणि वाढायचं कधी? यंत्र सलग एक हंगाम रिकामं न राहता चाललं, आणि तू आठ दिवस आजारी असताना डाळ तशीच निघाली, तेव्हा. त्यासाठी तेल किती, ऊन किती, चाळणी कोणती, हे सगळं लिहून भिंतीला लाव आणि गावातल्या दोन मुली शिकवून तयार कर. त्यांना वेळेवर मजुरी दे. ज्या घरात तुझ्यामुळे पगार जातो, ते घर तुझ्या डाळीची राखण करतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. यंत्र आधी घेऊच नकोस. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी डाळ मिल आपल्या भागात काहींकडे आहे; भाडं देऊन तिच्यावर पाच क्विंटल तुरीची डाळ काढून घे. ती डाळ लातूरच्या दहा खानावळींत आणि पुण्यातल्या तुझ्या वीस ओळखींत दे. महिन्यानं पुन्हा विचार. त्यातल्या निम्म्यांनी स्वतःहून पुन्हा मागितली, तर त्या मागणीएवढंच यंत्र घ्यायचं आणि त्याच्या हप्त्याएवढंच कर्ज.

तूर सध्या फुलोऱ्यात आहे. दिवाळीला येशील तेव्हा एक कोरी वही घेऊन ये. पहिल्या पानावर यंत्राची किंमत लिहू नकोस. पहिल्या दहा गिऱ्हाइकांची नावं आणि प्रत्येकापुढे त्याचा त्रास लिही. आबांची चाळणी अजून आपल्या गिरणीत टांगलेली आहे. ती तुझ्या हातात द्यायला मी वाट बघतो आहे.

तुझा,
मामा