शेजारची खुर्ची

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत, आणि तेही मोजक्या मोठ्या शहरांत. आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ते पोचलं २००१च्या पावसाळ्यात. मी तेव्हा देवघेव विभागात होते. पुढे ग्रंथपाल झाले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत जे कळलं ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. फोन एकच असेल, तर इंटरनेटची वेळ ठरवून घ्या.
सुरुवातीला तारेवरचं, म्हणजे डायल-अप इंटरनेट होतं. मोडेम किरकिरत जोडला गेला की वाचनालयाचा फोन बंद. पायांनी अधू असलेल्या एक वृद्ध वर्गणीदार बाई पुस्तक आलं का हे फोन करूनच विचारत असत. पहिल्या महिन्यात त्यांना आमचा फोन सतत गुंतलेला मिळाला आणि शेवटी त्यांनी नातवाला वर्गणी बंद करायला पाठवलं. त्या दिवसापासून आम्ही सकाळी ९ ते १० एवढाच वेळ इंटरनेट जोडू लागलो. बाईंच्या घरी पुस्तकं घेऊन मी स्वतः गेले.

२. दाखल नोंदवही माळ्यावर टाकू नका.
२००३ ते २००५ या काळात आम्ही सुमारे चौदा हजार पुस्तकांची यादी संगणकावर चढवली. तेव्हा मराठी टंकांचा नुसता बाजार भरला होता. एकेका वर्तमानपत्राचं संकेतस्थळ वाचायला त्याचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतांत, १९९१पासून होती, पण तालुक्याच्या गावी हे सांगणारं कुणी नव्हतं. आमची यादी एका विक्रेत्याच्या खास फॉन्टमध्ये झाली. २००९ साली नवा संगणक आला, यादी उघडली, तर पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं. विक्रेत्याने तोवर धंदा बदलला होता.

आम्हाला वाचवलं ते कापडी पुठ्ठ्याच्या दाखल नोंदवह्यांनी. पहिली वही स्वातंत्र्याच्या आधीची आहे. दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत रुपये-आणे-पैशांत, आणि शेऱ्याच्या रकान्यात कुठे 'गहाळ', कुठे 'वाळवी'. त्यावरून सगळी यादी युनिकोडमध्ये पुन्हा करायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून कुठलीही संगणकप्रणाली घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारत आले: उद्या तुम्ही नसलात, तर आमची यादी आम्हाला वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येईल का? असं करू देणाऱ्या प्रणाली आहेत: सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयसंस्थेने स्वतःच्या गरजेपोटी कोहा तयार करून घेतलं, २००० साली वापरात आणलं आणि जगाला मोकळं दिलं. छोट्या ग्रंथालयाने मोठ्यांसाठी केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

३. पडद्याचं तोंड भिंतीकडे करा.
दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन लागू लागला आणि आमच्या दारात रांगा लागल्या. बैठक क्रमांक टाकायचा, आईच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाकायची, की गुण समोर. संगणक दाराकडे तोंड करून ठेवलेला, त्यामुळे मुलाच्या आधी त्याच्या मागे उभ्या असलेल्या दहा जणांना तो नापास झाल्याचं कळायचं. एक मुलगा निकाल पाहून काही न बोलता मागच्या दाराने निघून गेला, सायकल आमच्या अंगणातच टाकून. आम्ही संध्याकाळपर्यंत त्याला शोधत होतो. तो मामाकडे सुखरूप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिपाईमामांना हाताशी घेऊन टेबलं फिरवली.

कोण कोणतं पुस्तक नेतो हे आपण तिसऱ्याला सांगत नाही. मग पडद्यावर कोण आपला आजार शोधतो, कोण कर्ज शोधतो, हेही दिसता कामा नये.

४. 'ज्ञ' तीन प्रकारे लिहून पाहा.
केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड आमच्याकडे होते, त्यातले दोन वाळवीने खाल्ले. निवृत्त झालेल्या एका गुरुजींना नेमका त्यातला लेख हवा होता. ज्ञानकोश संकेतस्थळावर आहे, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने ते मोठं काम केलं आहे. पण गुरुजींच्या हाती काहीच लागत नव्हतं, कारण ते 'ज्ञ' रोमनमध्ये जी-वायने लिहीत होते. हिंदीच्या सवयीने तसं लिहितात, मराठी माणूस डी-एन-वायने लिहितो आणि विद्यापीठातले जे-एनने. जुन्या पुस्तकांच्या प्रतिमा इंटरनेट आर्काइव्हवर हजारोंनी आहेत. त्यांची नावं मात्र चढवणाऱ्याने जशी ऐकली तशी रोमनमध्ये लिहिलेली. 'श्री' कधी दोन आयने, 'ळ' कधी नुसता एल. म्हणून आम्ही एक वही केली: पुस्तक, आणि ते कुठल्या लेखनाने सापडलं. ती वही संदर्भ विभागात दोरीने बांधून ठेवली आहे. गुरुजींना लेख मिळाला. छापून घ्या म्हटलं तर नको म्हणाले. चार दिवस येऊन त्यांनी तो हाताने उतरवून घेतला.

५. अनुदान हप्त्यांनी येतं, इंटरनेटचं बिल दर महिन्याला येतं. एखाद्या दात्याकडे कपाट मागण्याऐवजी वर्षाचं बिल मागा.

६. संगणकाशेजारी दुसरी खुर्ची ठेवा.
हे मी २०१७च्या पावसाळ्यात शिकले. शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, नवरा-बायको दोघांचे आधार क्रमांक लागत. अर्ज भरायच्या केंद्रांवर रात्रीपासून रांगा होत्या, म्हणून संचालक मंडळाने आमचे चारही संगणक खुले केले. आधारची खूण पटवायला मोबाइलवर आकडे येतात, पण जोडलेला मोबाइल असे पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाचा. मग मुलाला फोन, तो पाळीवर, फोन उचलत नाही, आकडे शिळे होतात, पुन्हा पहिल्यापासून. एका मावशींनी तीन वेळा असं झाल्यावर मला विचारलं, "बाई, माझंच काही चुकतंय का?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मी कपाटाआडून खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. मुलाची जेवणाची सुट्टी कधी होते ते विचारलं आणि त्या वेळेला पुन्हा बसलो. अर्ज गेला. तोवर आमच्याकडे संगणकामागे एकच खुर्ची होती, कारण जागा कमी. त्या आठवड्यात आम्ही नियतकालिकांचा एक घोडा हलवला आणि प्रत्येक संगणकाला दोन खुर्च्या केल्या. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यात वाचकाचा वेळ वाचवा असा चौथा आहे. परीक्षेसाठी तो मी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला मावशींच्या शेजारी बसल्यावर कळला.

७. संगणक रिकामे दिसले म्हणून जोडणी तोडू नका.
सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि वर्षा-दोन वर्षांत आमचे संगणक ओस पडले. मंडळाच्या बैठकीत इंटरनेट बंद करायचा विषय निघाला. मी अभ्यासिकेत मोजणी केली: स्पर्धा परीक्षेची मुलं वायफाय वापरत होती, फक्त ती संगणकाच्या वहीत सही करत नव्हती. जोडणी राहिली.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, वाचनालयाला कुलूप. राउटर मात्र मी चालूच ठेवला. शाळा फोनवर सुरू झाल्या तशी मुलं तोंडाला रुमाल बांधून आमच्या बाहेरच्या पायऱ्यांवर अंतर राखून बसू लागली. तिसऱ्या पायरीवर कुणीतरी खडूने फुली मारली होती. रेंज तिथे सगळ्यात चांगली मिळायची, म्हणून परीक्षा असेल त्याला ती जागा. ऑक्टोबरमध्ये ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली. दार उघडल्यावर मी पहिल्यांदा राउटर कपाटावरून काढून रस्त्याकडच्या खिडकीत आणला.