आधी हात लाव, मग फोन काढ

इच्छापोर, सुरत
मार्गशीर्ष, रविवार

चि. सोनू हिस,


तू पाठवलेले फोटो सावकाश बसून पाहिले. पहिल्याच सहामाहीत कॉलेजनं ‘भोवतालचे पोत’ हा विषय दिला, हे फार बरं झालं. फोटो नेटके आहेत, चौकटीही जमल्या आहेत. पण भिंत कुठली आणि गोणपाट कुठलं, हे कळायला मला खालची नावं वाचावी लागली. दोन्ही सारखीच करडी, सारखीच खरखरीत. ‘मामा, कॅमेरा घेऊ का?’ असं विचारलंस, त्याचं उत्तर शेवटी देतो. त्याआधी माझं एकच सांगणं आहे: ज्या वस्तूला हात लावला नाहीस, तिचा फोटो काढू नकोस.

माझी उमेदीची वर्षं कापडाचे ताके तपासण्यात गेली, हे तुला ठाऊक आहे. त्या कामात डोळ्याआधी तळवा बोलतो. ताका टेबलावरून सरकत असतो, वरून हात फिरत असतो, आणि गाठ, सुटलेला धागा, कुठे पडलेली चुणी हाताला आधी लागते. मग माणूस वाकून, उजेडाच्या रेषेत डोळा नेऊन बघतो. समोरून पाहिलं तर तोच दोष दिसतही नाही. फोटोतही नेमकं हेच करायचं असतं. बोटाला जे कळलं, ते बघणाऱ्याच्या डोळ्याला कळवायचं.

घरीच करून बघ. ताईकडून सॅटिनचा एक तुकडा आणि जॉर्जेटचा एक तुकडा माग. डोळे मिटून दोन्हींवर बोट फिरव. सॅटिनवर बोट घसरेल, कारण त्यात धागे लांब लांब मोकळे वरून जातात आणि मग कुठे तरी एकदा खाली गुंततात. जॉर्जेट बोटाला बारीक दाणेदार लागेल, कारण त्याच्या धाग्याला मुळातच कडक पीळ दिलेला असतो आणि तो आखडून कापडावर कण उठतात. आता दोन्ही खिडकीशी सपाट ठेव, उजेड एका बाजूनं येऊ दे. सॅटिनचा तुकडा जागच्या जागी काटकोनात फिरव. एका दिशेला चमकेल, दुसऱ्या दिशेला विझल्यासारखा होईल. जॉर्जेट कसंही फिरवलंस तरी फारसा बदल नाही. म्हणजे सॅटिनचा फोटो काढताना दिशा दाखवायची आणि जॉर्जेटचा काढताना दाणा. बोटानं हे आधी सांगितलं नसतं, तर दोन्ही फोटो ‘मऊ कापड’ या एकाच नावाखाली गेले असते.

आता उजेडाविषयी. पोत म्हणजे फोटोत दुसरं काही नसतं, बारीक बारीक सावल्या असतात. उंचवट्याच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला काळोख, एवढ्यावरच डोळ्याला खरखरीतपणा कळतो. म्हणून उजेड तिरका हवा. जुने शिलालेख वाचणारे लोकसुद्धा झिजलेल्या अक्षरांवर आरशानं तिरपा उजेड पाडतात. फोटो सकाळी किंवा संध्याकाळीच काढावेत, असं तुला सगळेच सांगतील. जमिनीसाठी ते खरं आहे. भिंतीसाठी अर्धंच खरं.

आमच्या इथे गावठाणात एका जुन्या घराची पूर्वेकडची भिंत आहे, चुन्याचे हात एकावर एक चढलेली. सकाळी ऊन थेट तिच्या तोंडावर येतं आणि ती कागदासारखी सपाट दिसते. दुपारी सव्वाबाराला जाऊन बघ. ऊन भिंतीला घासून जातं आणि चुन्याचा एकेक थर, कुंचल्याचे ओरखडे, पोपडा सुटून वर वळलेली कड, सगळं उठून येतं. निळसर चुन्याखाली पिवळा, त्याखाली मातीचा गिलावा, असे तीन काळ तळहाताएवढ्या जागेत मावतात. हा खेळ थोडा वेळच चालतो. मग भिंत सावलीत जाते. सुरतेत या दिवसांत सूर्य साडेबाराच्या सुमारास दिवसातल्या सर्वांत उंच जागी येतो, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आम्ही ७२.८ च्या आसपास. तुमच्या धुळ्यात हे सात-आठ मिनिटं आधी घडेल. मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यावर तर सूर्य इथे अगदी डोक्यावरून जातो; तेव्हा भर दुपारी चारही दिशांच्या भिंती वरून घासल्या जातात. उन्हाळ्याच्या ज्या दुपारी लोक कॅमेरा गुंडाळून ठेवतात, ती भिंतींची वेळ, हे लक्षात ठेव.

चमकणाऱ्या वस्तूंना हा नियम लागू नाही. नवा जस्ती पत्रा, घासलेलं भांडं, आजीच्या शालूची जर, यांवर तिरपं ऊन पाडलंस तर एक पांढरा डाग आणि बाकी अंधार एवढंच मिळेल. जर म्हणजे मुळात धाग्याभोवती गुंडाळलेली चपटी तार. ती स्वतःचं रूप दाखवत नाही, समोर जे असेल ते दाखवते. म्हणून तिच्यासमोर काहीतरी मोठं, पांढरं धर: चादर, थर्माकोलची शीट, नाहीतर ढगाळ आकाश. फ्लॅश मुळीच नको. पत्र्याच्या बाबतीत थोडी वाट बघ. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं इथे पत्रा लवकर गंजतो, आणि गंजल्यावर तो चमकणाऱ्यांतून निघून खरखरीतांत येतो. मग त्याला तिरपं ऊन चालतं.

फोनबद्दल चार गोष्टी. एचडीआर बंद कर किंवा कमी ठेव. ते सावल्या उजळतं, आणि आपला सगळा माल सावल्यांतच आहे. झूम बोटानं ताणू नकोस, पायानं पुढे जा. फार जवळ गेलीस की फोन आपसूक रुंद भिंगावर जातो आणि कडा वाकतात; अशा वेळी वीतभर मागे सरक. आणि कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करडं मानून चालतो, म्हणून चुन्याची भिंत मळकट येते आणि खानदेशची काळी माती राखेसारखी येते. चुन्यासाठी उजळपणा एक घर वर सरकव, काळ्या मातीसाठी एक घर खाली.

आता चौकटीत काय ठेवायचं? इथे दोन मोठ्या माणसांचं काम बघून घे. दोघंही बडोद्याच्या कला महाविद्यालयातले. ज्योती भट्ट १९६७ च्या सुमारास गुजरातच्या खेड्यांतल्या लोककलेचे फोटो काढू लागले आणि ते काम वर्षानुवर्षं करत राहिले: लिंपलेल्या, रंगवलेल्या भिंती, रांगोळ्या, गोंदणं. त्यांच्या कितीतरी फोटोंत भिंतीसमोर घरची बाई, पोर किंवा गुरं असतात. भिंत कुणाची, हे आपोआप कळतं. दुसऱ्या नसरीन मोहमदी. त्या १९७२ पासून तिथे शिकवत होत्या, १९९० मध्ये गेल्या. त्यांनी फरसबंदी, पाणी, मागावरचे ताणलेले धागे यांचे फोटो काढले आणि माणूस, नाव, गाव सगळं वगळून रेघ तेवढी ठेवली. हयातीत ते फोटो प्रदर्शनात मांडलेही नाहीत. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण तू अजून शिकते आहेस, म्हणून आधी भट्टांच्या वाटेनं जा. वस्तू कुणाची, कशानं झिजली, हे कळल्यावर काय वगळायचं ते कळतं. आधीच वगळलंस तर नुसती नक्षी हाती येते.

सगळंच फोटोत मावत नाही, हेही शीक. इथून पुढे हजिऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात २०२२ मध्ये एक सहापदरी रस्ता खुला झाला. नेहमीच्या खडीऐवजी पोलाद कारखान्यातली धातुमळी, म्हणजे स्लॅग, वापरून केलेला देशातला तो पहिला रस्ता. मला तरी त्यावरून चालताना वेगळं काही जाणवत नाही. जे पायाला कळत नाही ते फोटोत दाखवल्याचा आव आणू नकोस. खाली एक ओळ लिही. नाव लिहिणं हा कमीपणा नाही, नावावाचून फोटो मुका राहणं हा कमीपणा आहे.

इथे हिऱ्यांच्या कारखान्यांत किंवा हजिऱ्याच्या फाटकांपाशी फोन काढायचा नाही, रखवालदार हटकतो आणि त्याचं ते कामच आहे. कुणाच्या दारातली भिंत असेल तर आधी घरच्या बाईशी बोल. बहुतेक जणी हसून ‘पाडो ने’, म्हणजे ‘काढा ना’, म्हणतात आणि भिंत कुणी सारवली, कधी सारवली तेही सांगतात. ती माहिती वहीत उतरव.

आणखी एक, धंद्याच्या उपयोगाचं. पुढेमागे तुला सुरतेत साड्यांच्या छपाईत काम करायचं आहे. इथे डिजिटल छपाईवाले दगडाचा, लाकडाच्या सालीचा, उडालेल्या रंगाचा फोटो घेऊन त्याची डिझाइन करतात. पण साडीवर तो तुकडा पुन्हा पुन्हा छापला जातो, आणि फोटोत एका बाजूची ठसठशीत सावली असेल तर प्रत्येक तुकड्याचा जोड उघडा पडतो. तिथे ढगाळ, सपाट उजेडच लागतो. म्हणून प्रत्येक वस्तूचे दोन फोटो काढायची सवय लाव: एक तिरप्या उन्हात, पोतासाठी, दुसरा सावलीत, रंगासाठी. कशासाठी काढतेस ते ठरलं की उजेड कुठला, हा प्रश्न उरत नाही.

आता कॅमेऱ्याचं. यंदा घेऊ नकोस. त्या पैशांतून एक साधा ट्रायपॉड घे, एक जाड वही घे. वहीत प्रत्येक फोटोआधी एक ओळ लिही: हाताला काय लागलं. गार की कोमट, कोरडं की चिकट, कण कुठल्या दिशेला. सुट्टीत इकडे येशील तेव्हा फोटोंखालची नावं झाकून ते मला दाखव. मी वस्तू ओळखल्या तर कॅमेऱ्याचे निम्मे पैसे माझे.

ताईला नमस्कार सांग. 

तुझा,
मामा