किल्ला कंपनीच्या नावावर होणार का?

प्रश्न : जुन्या वास्तू जपायला कंपन्या सीएसआरचा पैसा देतात म्हणे. मग उद्या आमचा सिंधुदुर्ग किल्ला एखाद्या कंपनीच्या नावावर होणार का? आणि हा पैसा मालवणापर्यंत का पोहोचत नाही?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नावावर होणार नाही, निर्धास्त राहा. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे; पैसा कोणाचाही असो, दगडाला हात लावायचा तर परवानगी खात्याचीच. 2018 मध्ये दालमिया भारत कंपनीने दिल्लीच्या लाल किल्ल्यासाठी पाच वर्षांत 25 कोटींचा करार केला, तेव्हा ‘किल्ला विकला’ अशी ओरड झाली. प्रत्यक्षात काम होते ते पर्यटकांच्या सोयींचे.

2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर, म्हणजेच सीएसआरवर, खर्चावे लागतात. ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती त्या यादीत आहेच. पण कंपनीने आधी आपल्या कार्यक्षेत्राकडे पाहावे, असेही कायदा सांगतो. आपल्याकडे आंबा, मासळी आणि पर्यटन. मोठे कारखाने मोजकेच. हा प्राधान्यक्रम काही सक्तीचा नाही, पण पैसा कारखान्याच्या आसपासच फिरतो.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. सीएसआरचा प्रकल्प जास्तीत जास्त तीन-चार वर्षांत संपवावा लागतो, आणि 1664 मध्ये पायाभरणी झालेला, सुमारे तीन किलोमीटरचा हा तट दर पावसाळ्यात खारे पाणी खातो. दरजांतला चुना झिजतो, फटीत पिंपळाचे रोप रुजते, मुळे दगड ढकलतात. घाईत सिमेंट भरले तर ओल आत कोंडते आणि क्षाराने दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणजे हवा आहे तो चुन्याच्या कामात मुरलेला गवंडी, आणि तोही दरवर्षी. फीत कापायला मात्र स्वच्छतागृह आणि दिवेच सोयीचे! (तेही हवेतच, म्हणा.) जाहिरातीच्या मोबदल्यात दिलेली देणगी सीएसआरमध्ये धरत नाहीत, हे मात्र बरे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन आपल्या जिल्ह्यातले. तेव्हा पैसा मागायला आधार आहेच. कंपन्यांना आपले मंजूर सीएसआर प्रकल्प संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. तुमच्या घरचे कोणी चाकरमानी मुंबईत मोठ्या कंपनीत असतील, तर त्यांना ती यादी काढायला सांगा. तिथल्या सीएसआर समितीकडे पत्र जाऊ द्या आणि त्यात दिवे नकोत, तटाच्या दरजा भरायला पैसे मागा.