फळ्या उचलण्याआधी ऐक

घर घेतलंस, झकास केलंस. लेस्टरमधलं सव्वाशे वर्षांचं टेरेस घर, उंच छत, बे विंडो आणि पायाखाली घासूनपुसून चमकवलेल्या पाइनच्या फळ्या. त्यांचे फोटो तू नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत सगळ्यांना पाठवलेस. आता जानेवारी आला, आणि म्हणतोस, "आत्या, हीटिंग चालू असतं तरी पाय गारच." असणारच रे. त्या फळ्यांखाली जमीन नाही, पोकळी आहे. फळ्या जॉइस्टवर ठोकलेल्या, म्हणजे आपल्या कडीपाटातल्या कड्यांवर. कड्यांची टोकं बाहेरच्या भिंतींवर, आणि मधे त्यांना टेकू विटांच्या जाळीदार बुटक्या भिंतींचा. जोत्यापाशी एअरब्रिक, म्हणजे भोकांच्या विटा आहेत. वारा एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो. बांधणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं, कारण त्या वाऱ्यानेच लाकूड कोरडं राहतं. तुला एवढंच साधायचंय, की खालचा वारा खाली वाहत राहावा आणि वर मात्र येऊ नये. सूनबाईलाही वाचून दाखव. सामान आणायला तू जाशील, पण मोजमाप तिच्याकडेच दे.

हात लावण्याआधी

१. एअरब्रिक बुजवू नकोस, कागदाच्या बोळ्याने नाही, फोमने नाही, "फक्त थंडीपुरती" तर मुळीच नाही — थंडी जाते, बोळा तिथेच राहतो. आणि खालची कडी कुजलेली वर कळते ती पाय आत गेल्यावरच.

२. घराभोवती फेरी मार आणि प्रत्येक एअरब्रिकसमोर गुडघे टेकून टॉर्चने आत बघ — निम्म्या भोकांत रंग, माती नाहीतर कोळिष्टकं असतात. जाळी लावायचीच तर उंदीर अडेल एवढी बारीक आणि वारा न अडेल एवढी मोकळी लाव.

३. पुढची-मागची दोन्ही बाजू मोज — एकाच बाजूला भोकं असली तर हवा वाहत नाही, नुसती कोंडते. नवीन बांधकामाला इथला नियम बाहेरच्या भिंतीच्या दर मीटरमागे १५०० चौरस मिलिमीटर किंवा जमिनीच्या दर चौरस मीटरमागे ५०० चौरस मिलिमीटर उघडी जागा सांगतो, यातलं जे जास्त भरेल ते. जुन्या भाजक्या मातीच्या एअरब्रिकचं तोंड मोठं दिसतं, पण हवा जाते ती बारीक भोकांतूनच. तेवढ्याच मापाची प्लास्टिकची बसवलीस तर कितीतरी जास्त हवा जाईल.

४. मागचं वाढवलेलं स्वयंपाकघर नीट बघ. तुझ्या घराचा खरा रोग बहुतेक तिथेच सापडेल. अशा घरांना कधीतरी मागे खोली जोडतात, तिची जमीन भरीव काँक्रीटची करतात आणि मागच्या भिंतीतल्या एअरब्रिक त्या काँक्रीटआड गाडल्या जातात. पुढून शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही, आणि मधल्या खोलीखालची हवा वर्षानुवर्षं तिथेच साचून ओली होते. काँक्रीटखालून पाइप टाकून ती बाहेर काढली आहे का, हे बाहेरच्या भिंतीवर शोध. नसेल, तर बाजूच्या भिंतीतून किंवा नवा पाइप टाकून वाट करून घे, आणि ती होईपर्यंत इन्सुलेशनचं नाव काढू नकोस — ओल्या लाकडाला पांघरूण, म्हणजे कुजण्याला आमंत्रण.

५. पन्हळी, उतरते पाइप आणि त्यांचे सांधे पाऊस पडत असताना बघ, थांबल्यावर नव्हे — गळका सांधा कोरड्या दिवशी सभ्य दिसतो. आमच्या घरात म्हण आहे: आधी पन्हळ, मग कांबळ.

६. बाहेरची माती, फरशी, फुलांचा वाफा भिंतीतल्या ओलरोधक थराच्या किमान १५० मिलिमीटर खाली हवा — नाहीतर पाणी थर ओलांडून सरळ कडीच्या टोकाशी जातं. मागच्या मालकाचे गुलाब असले तरी माती काढ. गुलाब दुसरीकडेही फुलतात.

७. वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती पेटव आणि स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या पट्टीच्या कडेने, फळ्यांच्या फटींवरून, रेडिएटरच्या पाइपाभोवती हळूहळू फिरव. धूर सरळ वर गेला तर बरं. आडवा पळाला तर तिथे खडूने फुली मार — बाजारातल्या महागड्या यंत्रापेक्षा देव्हाऱ्यातली उदबत्ती कमी खोटं बोलते. फुल्या बहुतेक खोलीच्या मधे नाही, भिंतीच्या कडेने पडतील. तिथूनच सगळा गारवा येतो.

८. अर्ध्याहून अधिक जमिनीचं काम करणार असशील तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी कळव — इंग्लंडच्या नियमात अशा कामाला यू-व्हॅल्यू, म्हणजे ऊब निसटण्याचं माप, ०.२५ पर्यंत आणायला सांगितली आहे, आणि घर विकताना वकील कागद मागतोच.

९. गॅसची शेगडी किंवा लाकडाचा स्टोव्ह असेल तर तिला लागणारी हवा कुठून येते ते माहितगाराकडून तपासून घे, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव — जुन्या घरात ती हवा कितीदा फळ्यांच्या फटींतूनच येत असते, आणि फटी तर तू बंद करायला निघालास. गॅसच्या पाइपाला हात फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्याचाच.

१०. जुन्या लिनोखाली नऊ इंची चौकोनी टाइल्स आणि काळा डांबरी गोंद दिसला तर उचकटू नकोस, नमुना प्रयोगशाळेत पाठव — ॲस्बेस्टॉसवर इथे पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, त्याआधी काय काय चिकटवलंय कोणाला ठाऊक.

११. रेडॉनचा नकाशा बघून घे — नॉर्थॅम्प्टनशर, डर्बीशर, डेव्हन, कॉर्नवॉलच्या काही भागांत हा वायू जमिनीतून वर येतो, आणि घर घट्ट केलं की आकडा बदलू शकतो. घरात दर घनमीटरला २०० बेकरेल ही इथली कृतीची पातळी. तीन महिन्यांचा डिटेक्टर ठेवायला कष्ट पडत नाहीत.

फळ्या उचलताना

१२. उन्हाळ्यात काम काढ, एका वेळी एकच खोली — उघड्या जमिनीवरून नोव्हेंबरात रात्री पाणी प्यायला जाऊन बघ म्हणजे कळेल.

१३. फळी उचलण्याआधी तिच्या पाठीवर नंबर आणि बाण लिहायची तयारी ठेव, भिंतीलगतच्यांना खोलीचंही नाव — सव्वाशे वर्षं एका जागी बसलेली फळी शेजारच्या जागेत बसत नाही. दोन मिनिटं खडू, नाहीतर दोन दिवस रडू.

१४. जीभ-खाचेच्या फळ्या असतील तर पहिली एकच कापावी लागते. करवतीचं पातं फळीच्या जाडीएवढंच, साधारण वीस-बावीस मिलिमीटर, खाली सोड, त्याहून केसभरही नको — वायर आणि पाण्याचे पाइप कडीच्या खाचांत नेमके फळीला चिकटून असतात. रुंद छिन्नी, लाकडाची पाचर, सावकाश. पहारीने हिसका दिलास तर फळी तुटते, आणि तशी पाइनची फळी आता सहज मिळत नाही.

१५. एकटा खाली उतरू नकोस. नीट बसणारा मास्क, गुडघ्याचे पॅड, डोक्याला दिवा आणि वर हाक ऐकणारं माणूस हवं — खाली काच, खिळे आणि उंदराची लेंडी असते, आणि लाज वाटून कोणी लवकर हाक मारत नाही.

१६. स्क्रूड्रायव्हरने कड्या टोच, विशेषतः भिंतीत घुसलेली टोकं. मीटरवर ओलावा २० टक्क्यांखाली हवा — त्यावर गेला की बुरशीला ताट वाढल्यासारखंच. ड्राय रॉट म्हणतात ती बुरशी विटांवरूनही धागे पसरत सरकते. गंमत म्हणजे तिचे रानटी भाऊबंद हिमालयाच्या जंगलात सापडतात. तेव्हा तिच्याशी नातं सांगून दयामाया दाखवू नकोस, ओल थांबव, कुजकं कापून काढ आणि जाणकाराला बोलाव.

१७. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली म्हणून घाबरू नकोस. त्यांतून ताजी फिक्की भुकटी पडते का ते बघ — जुनी भोकं जुन्या किड्याची, तो केव्हाच गेला. भुकटी असली तर मात्र औषध.

१८. पोकळीतला जुना लाकूडफाटा, कागद, प्लास्टर सगळं बाहेर काढ — बुरशी आधी त्यावर पोसते, मग कडीवर चढते. जुनं वर्तमानपत्र किंवा सिगारेटचं पाकीट सापडलं तर काकांसाठी ठेव. तारीख वाचून त्यांचा अख्खा दिवस जाईल.

भरताना

१९. माझं मत विचारशील तर कड्यांच्या मधे भरायला वुड फायबर, मेंढीची लोकर किंवा मिनरल वूल घे. पीआयआर फोमचा कडक बोर्ड नको. कागदावर बोर्ड सरस आहे: त्याची उष्णतावहनाची संख्या (कमी तितकी बरी) ०.०२२ च्या आसपास, वुड फायबरची ०.०३८. पण तुझ्या कड्या एकमेकींपासून कुठे ३५०, कुठे ३९० मिलिमीटरवर आणि त्यातही वाकड्या — कडक बोर्ड प्रत्येक वाकडेपणाशी फट सोडतो, मऊ गादी तिथे दबून बसते. एक बोट फट, रात्रभर कटकट.

२०. फवारून फुगणारा फोम कोणी "एका दिवसात काम" म्हणून विकायला आला तर चहा पाज आणि निरोप दे — कड्या त्याखाली झाकल्या जातात, पुढे सर्व्हेयरला लाकूड दिसत नाही, आणि काही बँका अशा घरावर कर्ज द्यायला नाखूष असतात.

२१. आधी कड्यांवरून श्वास घेणारी मेंब्रेन किंवा जाळी झोळीसारखी सोड आणि कड्यांच्या बाजूंना स्टेपल कर — गादी खाली ओघळत नाही. मेंब्रेन वापरलीस तर खालचा वारा गादीतून शिट्ट्या मारत जात नाही, म्हणून माझा कल तिकडे.

२२. दोन कड्यांमधला प्रत्येक गाळा स्वतंत्र मोज, आणि गादी आठ-दहा मिलिमीटर रुंद काप — दाबून बसते. सूनबाईने मोजायचं, तू कापायचं, उलट करू नका.

२३. गादी फळीच्या पोटाला भिडलीच पाहिजे — मधे बोटभर पोकळी राहिली तर गार हवा तिथून फिरते, आणि तू विकत घेतलेली सगळी ऊब खालीच झोपते. झोळी खोल पडली तर स्टेपल काढून वर घे, आळस करू नकोस.

२४. शेवटची कडी आणि भिंत यांमधली अरुंद चिरी सगळे सोडून देतात, कारण तिथे हात जात नाही. तीच आधी भर — उदबत्तीच्या फुल्या आठव, त्या तिथेच होत्या. एअरब्रिकसमोर मात्र गादी येता कामा नये. अडत असेल तर हवा खाली पोकळीत नेणारा वळणाचा डक्ट बसव.

२५. कड्यांखाली प्लास्टिकचा कागद ताणू नकोस — खोलीतली वाफ वरून झिरपून त्यावर थबकते आणि कडीला पाणी सुटतं. वाफ अडवायची तर वरच्या, उबेच्या बाजूला अडवायची. गादीवरून हवाबंद मेंब्रेन अंथर, सांध्यांना टेप लाव आणि कडा स्कर्टिंगमागे वर चढव.

२६. खालच्या पाण्याच्या आणि हीटिंगच्या पाइपांना फोमच्या नळ्या घाल, कोपऱ्यांसकट — आतापर्यंत तुझ्या खोलीची ऊब त्यांना पोसत होती, आता ती तू वर राखलीस, म्हणजे खाली ते गोठतील. वायर थर्माकोलला टेकू देऊ नकोस — प्लास्टिकचं आवरण कडक होऊन तडकतं. आणि गादीत पुरलेली वायर तापते, म्हणून इलेक्ट्रिशियनला एकदा दाखव.

झाकताना

२७. फळ्या परत बसवताना खिळ्याऐवजी स्क्रू, निदान पाइपांवरच्या फळ्यांना — पुन्हा उघडायच्याच आहेत, यावर पैज लाव.

२८. फळ्यांमधल्या फटींत सिलिकॉन ओतू नकोस. जुन्या पाइनच्या पातळ पट्ट्या एका बाजूलाच गोंद लावून ठोक — फळी हिवाळ्यात आक्रसते, पावसाळी हवेत फुगते, आणि तिला दोन्हीकडून बांधलं की ती कुठेतरी फाटतेच. मेंब्रेन नीट बसली असेल तर हे काम फक्त डोळ्यांसाठी, घाईचं नाही.

२९. कोपऱ्यात, सोफ्याआड, दोन फूट बाय दोन फुटांचं झाकण ठेव — न दिसणारी कडी आणि न बोलणारा जावई, दोघांची खबर अधूनमधून घ्यावी लागते.

३०. प्रत्येक गाळ्याचा फोटो काढ, गादी घालण्याआधी एक आणि नंतर एक, मोजपट्टी चौकटीत दिसेल असा — बिल्डिंग कंट्रोलला, पुढच्या प्लंबरला आणि तुझ्या विसराळूपणाला, तिघांनाही लागतो.

३१. पहिल्या हिवाळ्यानंतर, मार्चमध्ये, झाकण उघडून कड्यांची टोकं मीटरने पुन्हा मोज — पोकळी आता पूर्वीपेक्षा गार आहे, ओल आली तर पहिल्या वर्षातच दिसेल. आकडे वहीत तारखेसकट लिही. गणपतीला मी येतेय, वही मागणार आहे.